दार आपटण्याआधी

प्रस्तावना

जुन्या मोटारीचे दार लागेनासे झाले की मालक ते आपटू लागतो. काही दिवसांनी आपटूनही लागत नाही. मग गाडी गॅरेजमध्ये जाते. तिथला उस्ताद कुलपात तेल सोडतो, खांबावरचा स्ट्रायकर, म्हणजे कुलूप ज्यात अडकते तो भाग, अर्धा सूत खाली घेतो आणि दार पुन्हा ‘खट्’ करून लागते. सगळे खूश होतात. पुढच्या खेपेला स्ट्रायकर आणखी अर्धा सूत खाली जातो. शेवटी तो खाली सरकवायला जागाच उरत नाही. तेव्हा कोणीतरी कानस घेऊन दाराची कड घासतो आणि चांगल्या पत्र्याचे वाटोळे होते. इतक्या सगळ्यात दाराच्या दुसऱ्या टोकाला, जिथे ते टांगलेले असते तिथे, कोणी वाकून पाहिलेले नसते.

ही पुस्तिका त्या दुसऱ्या टोकाविषयी आहे. क्लासिक स्पोर्ट्स कारच्या दारांच्या बिजागऱ्या कशा काढाव्यात, कशा दुरुस्त कराव्यात आणि पुन्हा कशा बसवाव्यात, एवढाच तिचा विषय. लेखक माझे जुने स्नेही. त्यांची नोकरी चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत टूलरूममध्ये झाली. निवृत्तीनंतर ते जुन्या गाड्यांच्या नादी लागले. हस्तलिखित हातात देताना ते म्हणाले होते, “बिजागरीवर एवढं लिहिलं म्हणून लोक हसतील.” मला तसे वाटत नाही. जुन्या गाडीवर रंग, क्रोम आणि गादीचे चामडे यांसाठी पाण्यासारखा पैसा ओतणारे पुष्कळ आहेत. बिजागरीच्या पिनेवर पैसे मोजणारा विरळा. पण ती पिन झिजलेली असेल तर वरचा सगळा थाट वाकडा दिसतो.

थोडा हिशेब मांडला की हे पटते. समजा, एका दोन-दारी स्पोर्ट्स कारच्या दाराचे वजन काचेसकट २५ किलो आहे. दार एक मीटर लांब. वजनाचा मध्य बिजागरीच्या रेषेपासून ४५ सेंटिमीटरवर. गाडी बसकी, त्यामुळे दोन बिजागऱ्यांमध्ये उभे अंतर जेमतेम २५ सेंटिमीटर. उघडे दार वरच्या बिजागरीला बाहेर ओढते आणि खालचीला आत दाबते. ही ओढ किती? २५ गुणिले ४५ भागिले २५, म्हणजे ४५ किलो. दार नुसते उघडे असताना एवढे. आता गाडी बसकी असल्यामुळे आत बसलेला माणूस उठताना दाराच्या कडेवर हात टेकतो, कारण धरायला दुसरे काही नसतेच. त्याने बिजागरीपासून ९० सेंटिमीटरवर २० किलोचा भार दिला तरी ओढीत ७२ किलोंची भर पडते. ती ११७ किलोंवर जाते. हा सगळा भार पेन्सिलीएवढ्या पिनेवर आणि तिच्या भोकाच्या अरुंद कडेवर येतो.

आता झिजेचे पाहू. वरच्या बिजागरीत अर्धा मिलिमीटर खेळ आला, तर दाराचे मागचे टोक दोन मिलिमीटर खाली येते. दोन्ही बिजागऱ्यांत तेवढाच खेळ उलट दिशांना आला तर चार मिलिमीटर. त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांत दार आणि बॉडी यांच्यातली फट साधारण चार-पाच मिलिमीटरचीच असते. अर्ध्या मिलिमीटरच्या झिजेने सगळी फट खाऊन टाकली! कुलपाचा यात काय दोष? लांब, बुटके दार आणि जवळजवळ असलेल्या बिजागऱ्या हे स्पोर्ट्स कारचे रूप आहे, आणि तिचे दार पडण्याचे कारणही तेच आहे. चौकोनी, उंच सेडानमध्ये बिजागऱ्या दूर दूर ठेवता येतात. शिवाय वर छप्पर असते आणि ते दोन्ही खांब धरून ठेवते. उघड्या गाडीत हा आधार नसतो.

आमच्या छत्रपती संभाजीनगरला दरवाज्यांचे शहर म्हणतात, म्हणून इथल्या माणसाला एक फरक चटकन दाखवता येतो. दौलताबादच्या किल्ल्यावर हत्तींना रोखणारे खिळे ठोकलेले अवजड दरवाजे पाहा. अशी जुनी दारे बिजागरीला लटकत नाहीत. दाराच्या कडेचा खुंट खाली दगडातल्या खळग्यात उभा राहतो आणि वर एका कड्यात फिरतो. वजन सरळ जमिनीत जाते, वरच्या कड्याला फक्त तोल सांभाळायचा असतो. म्हणून ती तीन-चार शतके टिकू शकतात. मोटारीच्या दाराखाली जमीन नाही. ते एका बाजूने हवेत धरलेले असते. त्याचे आयुष्य त्या धरणाऱ्या हातावर अवलंबून राहणार.

गाडी बनवणाऱ्यांनीही या प्रश्नाची उत्तरे वेगवेगळी काढली. एमजी टीसीचे दार मागच्या बाजूने टांगलेले आहे आणि तिच्या बॉडीचा सांगाडा अॅश नावाच्या लाकडाचा, त्यावर पत्रा. म्हणजे तिची बिजागरी शेवटी लाकडात धरलेली असते. तिथे लोहारकामाआधी सुतारकाम येते. ट्रायम्फ हेराल्ड आणि ट्रायम्फ स्पिटफायर या सख्ख्या बहिणी. दोघींचा आराखडा इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्ती यांचा. स्पिटफायर १९६२ साली आली तीच हेराल्डची चासी आखूड करून. पण एक बारीक फरक दारापाशी येऊन भिडतो. हेराल्डच्या दाराखालचा पत्र्याचा पाट, म्हणजे सिल, बहुतांशी दिखाऊ आहे, भार चासी घेते. स्पिटफायरमध्ये सिल स्वतः भार घेते. त्यामुळे हेराल्डची सिल गंजली तर गाडी कुरूप दिसते, स्पिटफायरची गंजली तर दारच लागत नाही. त्याच १९६२ सालच्या एमजीबीला वेगळी चासीच नाही, तिथेही सिल म्हणजे कणा. मर्सिडीजने १९५४ च्या ३०० एसएलमध्ये नळ्यांचा सांगाडा दोन्ही बाजूंनी इतका उंच घेतला की नेहमीचे दार लावायला जागाच राहिली नाही. मग बिजागऱ्या छपरात गेल्या आणि दारे पंखांसारखी वर उघडू लागली. लोक त्या दारांच्या सौंदर्यावर फिदा आहेत. खरे तर तो अडचणीतून काढलेला मार्ग होता.

अशा गाड्या आपल्याकडे आल्या कशा, हे सांगायला वेगळे पुस्तक हवे. इथे एवढेच की स्वातंत्र्यानंतर मोटारींच्या आयातीवर कडक निर्बंध आले. त्यानंतर परदेशी गाडी हवी असणाऱ्यांसाठी एक दार किलकिले होते: वकिलातींनी वापरून काढलेल्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशन लिलावात विकत असे. गाडी मिळे, पण तिचे सुटे भाग मिळत नसत. म्हणून भारतातल्या जुन्या स्पोर्ट्स कारची बिजागरी उघडली की आत कंपनीची पिन सापडेलच असे नाही. एखाद्या लेथवाल्याने बनवलेली पिन निघते, कधी कापलेला बोल्ट निघतो, कधी सायकलच्या आऱ्यांचे पॅकिंगसुद्धा. लेखकाने अशा जुगाडांची थट्टा केलेली नाही, हे मला आवडले. ज्याने बोल्ट कापून घातला त्याने गाडी चालती ठेवली होती.

मराठी माणसाचा जुन्या मोटारीच्या दाराशी खरा परिचय मात्र स्पोर्ट्स कारमुळे नाही, फियाटमुळे आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाईल्स स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट बाहेर पडू लागली. पन्नाशीच्या दशकातली, लोक जिला ‘डुक्कर फियाट’ म्हणत, तिची पुढची दारे मागच्या बाजूने टांगलेली होती. चालत्या गाडीत असे दार नीट लागलेले नसेल तर वारा ते आतल्या बाजूला ढकलत नाही, बाहेर फाडून काढतो. तिथे बिजागरीतला खेळ हा दिसण्याचा प्रश्न राहत नाही, जिवाचा होतो. पुढे पद्मिनी आली, टॅक्सी झाली. टॅक्सीचे दार दिवसभर उघडमीट होत असे, त्यामुळे पिन बदलणे हे मुंबईच्या डेंटरचे रोजचे काम होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. ज्या हातांना हे काम डोळे मिटून येत असे, ते हातही आता दुसऱ्या कामाला लागले असणार. ही पुस्तिका मराठीत लिहिण्याची घाई लेखकाला का होती, ते यावरून कळेल.

पुस्तिकेतले माझ्या मते सर्वांत मोलाचे प्रकरण निदानाचे आहे. त्यात हत्यार एकही लागत नाही. दार अर्धे उघडायचे, मागचे टोक दोन्ही हातांनी धरून हलकेच वर उचलायचे, आणि दुसऱ्या माणसाने बिजागरीकडे पाहत राहायचे. पिनेपाशी हालचाल दिसली तर पिन आणि भोक झिजले आहे. पिन स्थिर आहे पण बिजागरीचे पान खांबावर सरकते आहे, तर स्क्रू ढिले आहेत किंवा खांबाच्या आतली आटे पाडलेली पट्टी सुटली आहे. आणि पान खांबाला घट्ट आहे, पण खांबाचा पत्राच श्वास घेतल्यासारखा आत-बाहेर होतो आहे, तर बिजागरी निर्दोष आहे. खांब आतून कुजला आहे. तीन आजार, तीन वेगळे उपचार. आपल्याकडे तिघांवरही वेल्डिंगचा एकच टाका मारतात आणि तो सहसा चौथा आजार ठरतो, कारण त्यानंतर बिजागरी समायोजित करण्याची सोयच संपते.

सिलचे प्रकरण त्याला जोडून वाचावे. उघड्या गाडीची सिल कमजोर झाली की गाडी मधोमध खचते, दोन्ही खांबांची डोकी एकमेकांकडे झुकतात आणि दाराच्या मागची फट वर चिंचोळी, खाली रुंद होते. दार पडल्यासारखे दिसते, पण पडलेली असते ती गाडी. अशा वेळी नवी पिन घालून काही होत नाही. सिल कापायला घेण्याआधी दाराच्या चौकटीत आडव्या-तिरप्या नळ्या वेल्ड करून दोन्ही खांब बांधून घ्यायचे, हा नियम लेखकाने जाड ठशात छापायला सांगितला आहे. न बांधता सिल कापलेली गाडी पुन्हा मूळ मापावर आणणे म्हणजे जवळजवळ नवी गाडी बांधणे.

आता आमच्या शहराकडे येतो, कारण ही पुस्तिका इथेच लिहिली जाणे मला स्वाभाविक वाटते. छत्रपती संभाजीनगर हे जुन्या मोटारींचे शहर नाही. तो मान मुंबईचा, थोडा पुण्याचा. पण इथे वाळूज आहे, चिकलठाणा आहे, शेंद्रा आहे. १९८५ मध्ये बजाजचा कारखाना वाळूजला आला आणि त्याच्या भोवती सुटे भाग बनवणाऱ्या लहान-मोठ्या कारखान्यांची वस्ती उभी राहिली. २००१ पासून शेंद्र्यात स्कोडाच्या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. इंडो-जर्मन टूलरूममधून दरवर्षी साचे आणि हत्यारे बनवणारी मुले बाहेर पडतात. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची भाषा बोलणारी माणसे या शहरात गल्लोगल्ली भेटतात. दुसरीकडे मोंढा, जाफर गेटच्या बाजूला पत्रा ठोकून सरळ करणारे, गॅसच्या ज्योतीचा रंग पाहून उष्णता ओळखणारे जुने उस्ताद आहेत. या दोन जगांत रिक्षाने जेमतेम अर्ध्या तासाचे अंतर, पण त्यांची गाठ क्वचितच पडते. गॅरेजवाला पिन ‘अंदाजाने’ करून आणतो. टूलरूमवाल्याने कुजलेला खांब कधी पाहिलेला नसतो. बिजागरीचे काम नेमके या दोघांच्या मध्ये पडते. बॉडीवरून बिजागरी सोडवणे हे उस्तादाचे काम, आणि तिचे भोक पुन्हा गोल करणे हे टूलरूमचे.

सोडवणे हीच पहिली लढाई. पन्नास-साठ वर्षांचा गंज बसलेले खोल डोक्याचे स्क्रू साध्या पेचकसाने फिरत नाहीत, त्यांचे डोके तेवढे जाते. लेखकाचा क्रम असा: आदल्या रात्री भेदक तेल, सकाळी गरम करणे, मग हातोडीने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर, आणि तो मारताना आधी किंचित आवळण्याच्या दिशेने. आवळल्यावर गंजाची पकड तुटते आणि मग स्क्रू सुटतो. घाई करणाऱ्यांसाठी ईझी-आउट आणि ड्रिलचे प्रकरण पुढे आहेच. ते वाचायची वेळ न आली तर बरे. स्क्रू सोडण्याआधी एक गोष्ट मात्र चुकवायची नाही. बिजागरीचे पान आणि खांब यांतून आरपार तीन मिलिमीटरचे एक भोक पाडून ठेवायचे. परत बसवताना त्यात ड्रिलचाच दांडा घातला की जुनी जागा तंतोतंत सापडते. पेन्सिलीची खूण रंगाबरोबर पुसली जाते.

पिन निघाल्यावर भोक गोल राहिलेले नसते, अंड्याच्या आकाराचे झालेले असते. इथे दोन पंथ आहेत. एक म्हणतो, भोक रीमरने मोठे करून गोल करा आणि जाड पिन घाला. दुसरा म्हणतो, भोक आणखी मोठे करून त्यात गनमेटलचा बुश दाबा आणि पिन मूळ मापाचीच ठेवा. लेखक दुसऱ्या पंथाचे, आणि कट्टर. पुढच्या झिजेला बुश बदलला की झाले, बिजागरीचे लोखंड पुन्हा कापावे लागत नाही, हा त्यांचा मुद्दा बिनतोड आहे. तरीही माझे मत थोडे वेगळे आहे. काही जुन्या बिजागऱ्यांचे कान इतके बारीक असतात की बुशासाठी भोक वाढवले तर भोवती कागदाएवढी भिंत उरते. तिथे जाड पिन हाच शहाणपणा. वाचकाने व्हर्निअर लावून स्वतः ठरवावे. एका बाबतीत मात्र दोन्ही पंथांचे एकमत आहे: बिजागरीचे सगळे कान एकाच बैठकीत, एकाच रीमरने, एका रेषेत काढायचे. आणि दोन्ही बिजागऱ्या गाडीवर लावल्यावर त्यांच्या पिना एकाच सरळ रेषेत हव्यात. त्यासाठी एक लांब, सरळ, घासून गुळगुळीत केलेला दांडा वरच्या आणि खालच्या भोकांतून एकदम गेला पाहिजे. दांडा अडला तर दारही अडणार. दर वेळी उघडताना ते खांबाला पिळेल आणि एक दिवस खांबाच्या पत्र्याला चीर जाईल. इतकी साधी चाचणी, पण मी ती फार थोड्या गॅरेजांत होताना पाहिली आहे.

बसवण्याच्या प्रकरणात क्रम हेच सर्वस्व आहे. रबर नाही, कुलूप नाही, स्ट्रायकर नाही, नुसते दार आणि बिजागऱ्या. आधी पुढची कड बॉडीशी समतल, मग उंची, मग चारी बाजूंच्या फटी. गरज पडेल तिथे पानाखाली शिम. पण काच आणि ती वर-खाली करणारी यंत्रणा दारात नसेल तर दार हलके असते आणि वजन चढल्यावर खाली बसते, म्हणून तेवढ्या वजनाची वाळूची पिशवी दारात ठेवून फटी मोजायच्या. कुलूप आणि स्ट्रायकर सगळ्यांत शेवटी. स्ट्रायकरने दार फक्त धरायचे, उचलायचे नाही. बंद होताना दार वर उडी मारत असेल तर कुठेतरी खोटेपणा शिल्लक आहे. मग हे सगळे उतरवून रंग, आणि रंगानंतर पुन्हा तेच सगळे. दोनदा बसवणे कंटाळवाणे आहे खरे. पण रंगलेल्या गाडीवर पहिल्यांदाच दार बसवणाऱ्याच्या हातून रंगाचे टवके उडणारच. नवे रबर हाही एक छुपा शत्रू. बाजारात मिळणारे रबर पुष्कळदा मूळच्यापेक्षा कडक असते. ते दाराला बाहेर ढकलते आणि दोष बिजागरीच्या माथी येतो.

फटींच्या बाबतीत एक इशारा मला माझ्याकडून द्यायचा आहे. आजच्या गाडीची रेघ मारल्यासारखी फट पाहून डोळा बिघडतो. पन्नास-साठच्या दशकांत ब्रिटिश कारखान्यांत दारे हातांनी बसवली जात. लाकडी ठोकळा मध्ये घालून, दार पिळून, कुठे शिसे भरून कारागीर ती जुळवत. त्या गाडीचे डावे दार दुसऱ्या तशाच गाडीला बसेल याची खात्री नव्हती. फट थोडी कमी-जास्त असणे हा त्या गाडीचा जन्मजात स्वभाव आहे. ती तीन मिलिमीटरवर आणण्यासाठी कडांवर पुटी थापणारे रिस्टोरर आहेत. दार पहिल्यांदा आपटले की ती पुटी रस्त्यावर पडते.

हवामानाचे प्रकरण लहान आहे, पण बाहेरच्या पुस्तकांत ते मिळणार नाही. मुंबईहून आलेल्या गाडीत गंज, सिल आणि खांब यांचा संशय आधी घ्यायचा. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत वर्षानुवर्षे उभी असलेली गाडी लोखंडाने बरी निघते. तिथे रबर तडकलेले असते आणि लाकडी सांगाडा असेल तर तो आक्रसून स्क्रू ढिले झालेले असतात. शिवाय आमची धूळ. बिजागरीला सढळ हाताने ग्रीस फासणे ही इथली आवडती सवय. उघड्यावरचे ग्रीस धूळ धरते आणि ते मिश्रण पिनेला पॉलिश पेपरसारखे घासत राहते. पातळ तेलाचे दोन थेंब, दार आठ-दहा वेळा हलवणे आणि बाहेर आलेले पुसून टाकणे, एवढे पुरते. ते महिन्या-दोन महिन्यांनी करावे लागते, हे मात्र खरे.

कायद्याची एक बाजू लेखकाने तळटिपेत टाकली आहे, ती मी इथे वर काढतो. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षांहून अधिक झालेल्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीला ‘विंटेज’ म्हणून नोंदता येते. तिला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी क्रमांकमालिका मिळते, नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये. रोजच्या वापराला किंवा धंद्याला ती गाडी रस्त्यावर आणता येत नाही. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला असेल तर हा दर्जा मिळत नाही. बुश आणि पिन कोणी मोठा बदल म्हणणार नाही. पण खांब कापून दुसऱ्या गाडीची बिजागरी बसवणे, किंवा मागून उघडणारे दार ‘सुरक्षित’ करायला पुढून टांगणे, असे उद्योग करणाऱ्याने हा नियम आधी वाचावा. माझ्या मते कायदा नसता तरी ते करू नये.

पुस्तिकेच्या शेवटी मापांचे तक्ते आणि लेखकाने स्वतः काढलेल्या आकृत्या आहेत. आकृत्या पाहणाऱ्याला एक सूचना. गाडीतून निघालेली जुनी पिन भंगारात टाकू नका. तिला दोऱ्याने चिठ्ठी बांधा: वरची की खालची, डावी की उजवी, आणि तिचे बाहेरचे तोंड कोणते. ती बोटांत फिरवली की झीज सहसा एकाच बाजूला जास्त लागते. वरच्या पिनेची झीज एका दिशेला आणि खालचीची विरुद्ध दिशेला असेल, तर दार नुसत्या वजनाने पडले आहे, नवा बुश पुरेल. दोन्ही पिना चहूबाजूंनी घासल्या असतील तर त्या एका रेषेत नव्हत्या. मग लेथवाल्याकडे जाण्याआधी आकृती क्रमांक चारमधला सरळ दांडा करून घ्या.